टोळीचा नियम

मंजुषाची तोंडी परीक्षा उद्यावर आली आणि पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. मागच्या खेपेला ती सरांपुढं अशी गप्प उभी राहिली की नापासच झाली. आता पुन्हा तसंच झालं तर वकिलीचं शिक्षण सोडायचं, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलेलं. तिच्या बापाचा, ज्ञानूचा जीव त्यानंच खालीवर होत होता. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात उभा जन्म पाठीवर गोणी वाहिलेला हा माणूस, पण पोरीची भीती कशी उतरवायची ते काही त्याला सुधरेना.

"मला सांग," कोपरखैरण्याच्या खोलीत चहाचा कप तिच्यापुढं सरकवत तो म्हणाला. "मीच सर हाय समज."

"आबा, तुम्हाला काय कळणार?"

"न्हाई कळलं तर इचारीन. सरबी तेच करत्यात न्हवं?"

मंजुषाला हसू आलं. ती सांगू लागली. देशाचा कायदा काही आभाळातून पडत नाही. आधी माणसं एखादी रीत आपणहून पाळतात, वर्षानुवर्षं पाळतात, आणि पुढं त्यातूनच कायदा उभा राहतो. "याचं एक उदाहरण द्यायचं असतं. पुस्तकातली पाठ केलीत हो, पण तिथं गेलं की डोकं साफ!"

"तसली रीत तर आमच्या हमालांच्या टोळीत हाय," ज्ञानू सहज बोलून गेला. "घरात दुखनं असलं तर गड्याची पाळी चुकत न्हाई."

आता सांगणं आलं. सकाळी मुकादम नावं पुकारतो, 'हजर' म्हणेल त्याला काम. कुणाच्या घरी आजारपण असलं की त्याच्या नावाला दुसराच 'हजर' म्हणतो आणि त्याच्या वाटच्या गोणी बाकीचे उचलतात, मजुरी मात्र त्यालाच मिळते. कुठं लिहिलंय का? छे!

"सुरू कोणी केलं हे?"

ज्ञानू घुटमळला. ही गोष्ट त्यानं घरात कधी काढलीच नव्हती. "तू सातव्या म्हैन्यात झालीस. एवढीशी. काचंच्या पेटीत ठिवली हुती तुला. एकोनीस दिस मी दवाखान्याच्या जिन्यात बसून. पहिल्याच सकाळी शिवराम मुकादमानं सवयीनं माझं नाव पुकारलं, चुकून. आन् मागनं कुनीतरी 'हजर' म्हनलं. कुनी, ते आजपत्तूर कुनी कबूल केलं न्हाई. पर रोज माझी हजेरी लागत गेली, त्याच पैशावर तुझा दवाखाना भागला."

मंजुषानं वही मिटली आणि बापाचा खरबरीत हात धरून हमसाहमशी रडली. ज्ञानू पार बावचळला. अगं, आता रडायला काय झालं?

दुसऱ्या दिवशी तो वाशीला कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. मंजुषा बाहेर आली ती लाल डोळ्यांनी. ज्ञानू पुढं धावला.

"बोललीस का गं?"

"बोलले. आपल्या टोळीचंच सांगितलं. सर म्हणाले, रूढी जुनी असावी लागते. ही कितीशी जुनी?"

"आन् मंग? वरीस सांगितलंस का नीट?"

"नाही आबा. म्हटलं, सर, माझ्याएवढी आहे. ती नसती तर मीही नसते."



"पास केलं का मंग?"

"केलं."

त्या भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत, ज्ञानूनं लेकीला पोटाशी धरलं, आणि एकोणीस दिवस जिन्यात अडवून धरलेलं रडू त्याला आज आलं.