खरखर माझी नव्हती

आज मी बोलणार आहे. मी एक माइक. आजवर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्याने पुढे पोचवलं, आणि त्या बदल्यात ज्याने त्याने माझ्या टाळक्यात टपली मारून ‘हॅलो, हॅलो’ केलं. आता माझं ऐका. मी भयंकर चिडलोय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. आत एक नाजूक पडदा, वर जाळीची टोपी. तपासणाऱ्या बाई माझ्यासमोर एकदा खाकरल्या, कानाला लावलेल्या यंत्रात ऐकून त्यांनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. म्हणजे मी धडधाकट होतो, हे लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं या घरातल्या दादाने. त्याला गायक व्हायचं होतं. हौस चार दिवसांत फिटली आणि मी जुन्या वायरींच्या खणात जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं ते बाबांसाठी. दादाचे हे वडील जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. त्यांची परगावची लेक फोनवर रडली. तिची मुलगी रोज फोनवर आजोबांकडून टोपी हरवलेल्या चोराची गोष्ट ऐकून झोपायची. “दादा, ऑपरेशनच्या आधी बाबांच्या आवाजात ती गोष्ट तेवढी भरून ठेव,” ती म्हणाली. “बाकी काही नको.”

दादाने मला टेबलावर लॅपटॉपशेजारी उभं केलं. बाबा पुढे सरकले, “एक होता चोर...” म्हणाले, आणि लॅपटॉपमधून आवाज आला, घूंऽऽ.

“थांबा, बाबा. खरखर येतेय.”

झालं! दादाने पंखा बंद केला. फ्रिज बंद केला, दूध नासलं. खिडकीवर ब्लँकेट टांगलं. मला पायमोजा चढवला, तोही न धुतलेला. दर वेळी बाबांना “एक, दोन, तीन” म्हणायला लावायचं, ऐकायचं, नाक मुरडायचं आणि पुसून टाकायचं. “माइकच टुकार आहे,” असं तो घरभर सांगत सुटला. बाबा त्या कोंडलेल्या खोलीत घाम पुसत बसायचे. आधीच उरलासुरला आवाज, तो असा एक-दोन-तीन करण्यात चालला होता.

“अरे, राहू दे ना ती खरखर,” आई म्हणाली. “त्यांना बोलू दे.”

“आई, तुला यातलं कळत नाही. एकदाच करायचंय तर नीट नको का?”

अरे शहाण्या, खरखर माझी नव्हती! ती तुझ्या लॅपटॉपच्या चार्जरची होती. भिंतीतली वीज त्या चार्जरमधून भुणभुणत येत होती आणि माझ्या वायरीत घुसत होती. मला जे मिळतं ते मी पुढे देतो, पदरचं काही घालत नाही. घरातलं सगळं याने बंद केलं, पण मधेच लॅपटॉप बंद पडू नये म्हणून चार्जर मात्र नीट खोचून ठेवला! मला हात असते तर मी तो उपटून त्याच्याच डोक्यात घातला असता.

ऑपरेशन झालं. गोष्ट भरायची राहूनच गेली.

लेक मुलीला घेऊन आली तेव्हा दादा दुकानाने माझ्या बदली पाठवलेला नवा माइक लावून बसला होता. तोही घूंऽऽ करत होता. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! तेवढ्यात फोन चार्ज करायला लेकीने लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला, आणि खरखर थांबली.

“काय केलंस तू?”

“काही नाही. फोन लावला. दादा, बाबांची गोष्ट कुठे आहे?”

दादा खाली बघू लागला. “भरलीच नाही. जेवढं भरलं तेवढं पुसलं. खरखर होती.”

“खरखरीबरोबर तुझे बाबाही होते रे त्यात!” आई कडाडली. खाटेवर बाबा गळ्याची पट्टी धरून बसले होते. त्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून. मला मात्र जाऊ देता येत नाही.

लेकीने सगळा लॅपटॉप उपसला. सापडली ती माझ्याविरुद्धची तक्रार, दादाने दुकानाला पाठवलेली. सोबत पुरावा म्हणून माझ्या खरखरीचा नमुना जोडला होता. तिने तो लावला. घूंऽऽ आणि त्यातून बाबा, दमलेले, पण मिश्कील: “माइकला कशाला शिव्या देतोस? आधी मला बोलू दे की.”

बस, एवढंच. नातीने पुन्हा लावायला लावलं, परत लावायला लावलं.

मी आता परत खणात आहे. तुमच्या घरात कुणी बोलत असेल तर बाबांनो, आधी बोलू द्या. साफसफाईला जन्म पडलाय.

पण दादाला अजून अक्कल आलेली नाही. काल तो हळूच म्हणाला, “आई, त्यातली खरखर काढून देऊ का?”

“हात तर लावून बघ,” आई म्हणाली.