अठरा नंबरचं डोकं

नम्रताच्या लेखात सगळं होतं. आकडे होते, तक्ते होते, बावीस बायकांच्या मेंदूंचे फोटो होते आणि इंग्रजी तर घासूनपुसून असं लख्ख केलेलं की तिच्या वरच्या मॅडमनीही नावं ठेवली नाहीत. फक्त एक चित्र लावायचं राहिलं होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, तसं. पण बाबांनो, शेपटाला हसू नये.

शहापुरात आईबापांच्या घरी, माडीवरच्या खोलीत ती सकाळपासून ठाण मांडून बसली होती. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तिला चार वर्षं झाली होती आणि हा तिचा पहिला लेख, ज्यावर तिचं नाव सगळ्यांत आधी येणार होतं. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. विषय झकास होता: चाळिशी उलटल्यावर बाई वाचायला शिकली, तर तिच्या मेंदूत काय बदलतं?

अशा बायका आणायच्या कुठून? तर आजोळाहून. मुरबाडच्या पुढं, धसईच्या अलीकडे तिच्या मामाचं गाव. मामा जाऊन सहा वर्षं झाली होती. मागं राहिली लहानीमामी. चौथी पास, हाताला आणि तोंडाला दोन्हींना आराम नसलेली बाई. तिनं ओट्यावर बायकांचा वर्ग सुरू केला, आणि भाताच्या पेंढ्या मोजणाऱ्या बावीस जणी दीड वर्षात एसटीच्या पाट्या वाचायला लागल्या. त्याच बावीस जणींना नम्रतानं दोन जीपा करून कल्याणच्या पुढच्या एका सेंटरवर नेलं आणि मेंदूचे फोटो काढून घेतले. मामीला मात्र अभ्यासात घेता आलं नाही, कारण ती लहानपणीच शिकलेली. "बरंय बाय," मामी म्हणाली होती, "शिकवणारीचं डोकं कशाला कोण बघंल!" पण जीपमध्ये ती होतीच. तिच्याशिवाय एकही बाई गावची वेस ओलांडायला तयार नव्हती.

तर राहिलेलं चित्र होतं अठरा नंबरचं. लेखात नावं नसतात, नंबर असतात. अठरा नंबर म्हणजे चंद्रकला, धर्माची बायको. तिच्या फोटोत मेंदूच्या एका रक्तवाहिनीला फुगा दिसला होता. करवंदाएवढाही नाही, पण नको त्या जागी. असा फुगा जन्मभर गप्प राहील, नाहीतर विहिरीवर कळशी ओढताना फुटेल. फुटला की डोकं धरायलाही वेळ मिळत नाही. अकरा महिन्यांपूर्वी रिपोर्ट गेला तेव्हा चंद्रकलेच्या घरात रडारड झाली, चूल पेटली नाही. महिन्याभरानं, धर्मा काविळीतून उठल्यावर, मोठ्या दवाखान्यात पुन्हा फोटो काढला, तर डोकं साफ! फुग्याचा मागमूस नाही. मॅडम म्हणाल्या, पहिल्या वेळी मशीननं चूक केली. गाव म्हणालं, गावदेवी पावली. देवीला बोकड पडला, पंगत उठली, नम्रतासुद्धा दोनदा रस्सा मागून जेवून आली.

"दोन्ही फोटो शेजारी शेजारी लाव," मॅडमनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं. "म्हणजे तपासणारे उगाच शंका काढणार नाहीत."

नम्रतानं लावले. नुसते शेजारी कशाला, एकावर एक ठेवून दाखवू, म्हणून तिनं कॉम्प्युटरला ते जुळवायला सांगितलं. जुळेनात. फाइल चुकली असेल म्हणून पुन्हा उघडली. फाइल बरोबर होती. मग तिनं हातानं फिरवून बघितलं, वाकवून बघितलं. मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. वर्षभरात माणूस वाळेल, सुटेल, म्हातारं होईल, पण घड्या बदलत नाहीत. आणि इथं एकही घडी दुसरीला ओळख देत नव्हती.

ही दोन वेगळी डोकी होती.

मशीनची चूक नव्हती. देवीचा चमत्कार नव्हता. चंद्रकलेचं डोकं आधीपासूनच साफ होतं. मग पहिल्या फोटोतलं हे डोकं कोणाचं? जिचं असेल ती बाई अकरा महिने डोक्यात फुगा घेऊन पाणी भरते आहे, भारे वाहते आहे, आणि तिला कोणी काही सांगितलेलं नाही. असली तर. म्हणजे अजून जिवंत असली तर.

तिनं त्या दिवसाचे कागद काढले. प्रत्येक बाईच्या कागदावर एक चौकट होती: मशीनमध्ये जाणारी व्यक्ती हीच आहे, ओळख पटवली. खाली सही, नम्रताची. बावीसच्या बावीस सह्या एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या. कशा केल्या ते तिला लख्ख आठवलं. बायका सकाळपासून उपाशी होत्या, म्हणून ती वडापाव आणायला गेली होती. आल्यावर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं सगळ्या चौकटींवर एका दमात सह्या ठोकल्या. काय बाई हा शहाणपणा! बावीस डोकी सांभाळायला निघाली आणि स्वतःचं गहाण टाकून आली.

आता त्या डोक्याची मालकीण शोधायची कशी? एक वाट होती, आणि तिला ती मुळीच नको होती. असल्या फोटोत नुसता मेंदू नसतो, अख्खं डोकं असतं, कातडीसकट. छापायला देण्याआधी चेहरे पुसून टाकावे लागतात, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. न पुसलेला फोटो तिच्याकडे होता. तिनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर कातडी चढवू लागला. आधी कपाळ आलं. मग नाक, मग हनुवटी. राखाडी रंगाचा, मिटल्या डोळ्यांचा, केस नसलेला चेहरा भरदुपारी तिच्यासमोर उभा राहिला. तिनं तो जरा वळवला. डाव्या भुवईच्या वर खोक होती, बैलाचं शिंग लागलं होतं ती.

"मामी!" ती इतक्या जोरात ओरडली की खालून आईनं विचारलं, काय गो झालं.

काय सांगणार? तिनं मामीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं चंद्रकलेला लावला, आणि नमस्कारचमत्कार न करता विचारलं, "त्या दिवशी मशीनमध्ये तू गेली होतीस की मामी गेली होती?"

चंद्रकला पलीकडे रडायलाच लागली. "ताई, त्या दिवशी आमचे हे दवाखान्यात पडलेले. कावीळ झालेली, वाचतात का नाय अशी गत. आनि तिथली पोरगी बोलली, मशीनला धातू चालत नाय, मंगळसूत्र काढ, जोडवी काढ. नवरा तिकडं तसा, आनि मी हितं गळा मोकळा करू? माझा हातच उचलंना. मामी बोलली, माझ्या अंगावर तसंबी काय नाय काढायला, मी जाते तुझ्या जागी. एक बाई कमी पडली तर नमीचं काम अडंल. पुढं कागदावर माझं नाव आलं, तर मला वाटलं दुखनं माझंच. रागवू नका ताई."

रागवायला नम्रताला सवड कुठं होती! "मामी कुठाय?"

"रानात गेली कवळाच्या फांद्या आनायला. राब भाजायचं दिस ना."

नम्रता उठली, ओढणी गळ्यात टाकली, स्कूटर काढली. लेख उघडाच राहिला. किन्हवलीपर्यंत रस्ता बरा होता, पण तिला तो दिसत होता कुठं? प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता, ह्या घटकेला फुटला असेल. मामी रानात एकटी. पडली तर माघारी कोण येईल बघायला? रस्त्यात कोणी बाई भारा घेऊन दिसली की ही वेग कमी करून तिचं तोंड बघायची. सरळगावच्या नाक्यावर तिनं पुन्हा फोन लावला. घंटा वाजली, संपली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण हिचा राक्षस खरा होता, मापासकट कागदावर होता.

गाव अर्ध्या मैलावर राहिलं तेव्हा तिनं मामीला पाहिलं. शेताच्या बांधावरून ती येत होती, नऊवारीचा काष्टा मारलेली, आणि डोक्यावर ओल्या फांद्यांचा भारा. राबाला, म्हणजे भात पेरायची जागा भाजायला, लागतो तो. चांगला दोन माणसांचा भारा, खाली चेहरा दिसत नव्हता.

"मामी, खाली ठेव! ठेव खाली!" स्कूटर तशीच आडवी टाकून नम्रता ढेकळांतून धावत सुटली.

"काय गो नमे?" मामी दचकली. "कोण गेलं काय?"

नम्रतानं भारा स्वतःच्या हातांनी ओढून खाली पाडला, मामीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तिथंच हुंदके द्यायला लागली. तिनं सगळं कसं सांगायचं हे रस्ताभर ठरवलं होतं. "मामी, ते चंद्रकलेच्या फोटोत जे..." एवढंच आलं.

"ठावं हाय मला," मामी म्हणाली.

नम्रताचे हात मामीच्या डोक्यावरून खाली आले.

"आगो, चौथी झाले, एवढं कळत नाय काय मला? चंद्रीचं दुसरं फोटू साफ आलं. गाव नाचलं. मीपन नारळ फोडला. पर मनात म्हनलं, देवी काय एकीच्या डोक्यातलं काढून नेत नाय. तिच्या डोक्यात कदी नव्हतंच. मशीनमदी तर मी झोपलेली."

"अकरा महिने!" नम्रता ओरडली. "अकरा महिने गप्प बसलीस? मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"तुझी सई व्हती ना गो कागदावर," मामी पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाली. "बाई बदलली ते कळलं असतं, तर तुझ्या मॅडमनी तुला काढलं असतं. म्हनलं, नमीचं एकदा छापून येऊ दे, मग सांगू. आलं काय छापून?"

"आणि तोवर फुटलं असतं म्हणजे?"

"फुटलं असतं तर फुटलं असतं," मामी म्हणाली, अगदी पाटी पुसावी इतक्या सहज. "कागदावर माझं नाव कुठं हाय? तुला कोनी इचारलं नसतं."

नम्रताला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण त्या लेखासकट आत जावं. तेवढ्यात फोन वाजला. मामी समोर उभी असूनही मामीचाच असेल असं तिला क्षणभर वाटलं, इतका त्या घंटेचा तिनं धसका घेतला होता. मॅडमचा होता. साडेचार वाजले होते.

"झालं का चित्र?" मॅडमनी विचारलं.

नम्रतानं सांगितलं. चुकीची सही सांगितली, वडापाव सांगितले, काही झाकलं नाही. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "अठरा नंबर काढून टाकू या का? एकवीस जणींवर लेख उभा राहतो. तुझं नाव खराब होणार नाही, आणि तुझ्या मामींची सोय आपण वेगळी करू."

झाकली मूठ सव्वा लाखाची. नम्रताला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. चार वर्षं तिनं ह्याच दिवसासाठी घासली होती. पण समोर बांधावर मामी बसली होती आणि भाऱ्यातली सुटलेली फांदी पुन्हा आत खोचत होती.

"नाही मॅडम. लेख आज जाणार नाही," ती म्हणाली. "बावीसही फोटो कोणाकोणाचे, ते पुन्हा तपासायचं. आणि दवाखान्यात आत्ता फोन करा. मी तिला घेऊन निघाले. नाव लिहून घ्या: लहानी बारकू घुडे, वय बावन्न, डोक्यात रक्तवाहिनीला फुगा. रिपोर्ट अकरा महिन्यांपूर्वीचा. रिपोर्ट तिचाच आहे."

मॅडम म्हणाल्या, "थांब, पेन घेते," आणि एकेक अक्षर परत म्हणून त्यांनी नाव लिहून घेतलं. फोन मोठ्यानं बोलत होता, मामीला सगळं ऐकू येत होतं.

मामीचा हात फांदीवरच थांबला. अकरा महिने जे दुखणं चंद्रकलेच्या नावावर होतं, ते आता तिच्या नावावर आलं होतं. तिनं नम्रताचं मनगट असं घट्ट धरलं की नखं रुतली.

"नमे," ती म्हणाली, "मला लई भ्या वाटतं गो. मला मरायचं नाय."