महाराजांचं जनुक-जल

खर्डीच्या खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध भगीरथ महाराज, पुढ्यात पिवळ्या पाण्याची परात. "माझ्या जलात सूक्ष्म आरएनए आहे, मंत्रानं भारलेला. रोगट जनुकाचं तोंड कायमचं बंद." माना डोलत होत्या. जे कळत नाही ते खरंच असणार, ही आपली जुनी खोड.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निर्मलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांचा विद्यार्थी सूरज, सिकलसेलचा रोगी, आई सारिकाच्या कडेवर कण्हत होता. महाराजांच्या सांगण्यावरून तिनं दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मैदानात धावणारं पोर आता पाय टेकत नव्हतं.

महाराजांनी त्याच्या बोटांना अंगारा चोळून ती परातीत बुडवली. पाणी लाल. "जनुक जागं आहे." वरून तांब्यातलं जल ओतलं. पाणी पिवळं. "निजलं." बायांनी हात जोडले.

पुढच्या रोग्यासाठी नवी परात आली. बाई पुढे झाल्या आणि महाराजांचे गुण गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "यमाजीबाबा, तुम्ही तर बरे झालात ना?"

"नाय तर काय. म्हाराजांनीच केलं."

"मग बोटं बुडवा."

नुकताच तंबाखू मळून दाढेखाली धरलेल्या यमाजीनं खुशाल बोटं बुडवली. पाणी लाल झालं.

"श्रद्धा कमी पडली," महाराज गुरगुरले.

"श्रद्धा नाही, चुना जास्त झाला. हळदीच्या पाण्यात चुना पडला की लाल, लिंबू पडलं की पिवळं. यमाजीबाबांच्या बोटांना तंबाखूचा चुना आहे, तुमच्या अंगाऱ्यातही तोच." बाईंनी तांब्यातलं पाणी जिभेला लावलं. "आंबट आहे. चाखा कुणीही."

यमाजीनं चाखलं आणि मान खाली घातली.

"पन बाई, आरेने खोटा?" सारिकानं विचारलं.

"तो खरा, हा माणूस खोटा. पेशीत जनुकाच्या मजकुराची नक्कल निघते, तिच्यावरून प्रथिनं बनतात. इवलासा आरएनए त्या नकलेला चिकटून ती मोडतो, नाहीतर वाचू देत नाही. अशी औषधं निघालीत, पण ती सुईनं देतात. नुसतं प्यायलं तर पोटातच त्याचा चुरा होतो. आणि सूरजच्या आजारावर तसलं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. आहेत त्या गोळ्याच."

"मीच बंद केल्या गो माये," सारिका रडू लागली.

"रडत बसू नकोस. रिक्षा बोलाव, आधी दवाखाना."

निघताना बाई गर्दीकडे वळल्या. "उद्या दुसरा येईल, याहून अवघड शब्द घेऊन. त्याला एवढंच म्हणा, आमच्या पोराचे हात धुऊन मग करून दाखव."