पहिला घाव

नवऱ्याला पुरून महिना झाला नव्हता, तोच धाकटा दीर न्यांदांग लांबघराच्या, म्हणजे आमच्या साऱ्या गावाच्या एकाच घराच्या, ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनीला एकटीला डोंगरउतार झेपायचा नाही. मीच करतो." माना डोलल्या. माझ्या नवऱ्याने रान तोडून केलेलं भाताचं शेत डोळ्यांदेखत गेलं.

मग धार लावायच्या दगडांचा सण आला. रानाला पारांग लावण्याआधी आम्ही त्या दगडांना भात, अंडी, तांदळाची दारू वाहतो. पारांग म्हणजे आमचा जड कोयता. पहिल्या घावाचा पारांग ज्याचा त्यानेच घासायचा, घरच्या दगडावर. दुसऱ्याचा हात लागला, तर जमीन रागावते.

आणि हा ऐतोबा पारांग घेऊन गुपचूप माझ्याकडे आला.

"वहिनी, तुझ्यासारखी धार कोणाला जमत नाही. कुठे बोलू नकोस हं."

"छे हो, भावोजी! घरातलं बाहेर कशाला?"

पारांगच्या धारेला पोट लागतं. मागे जाडी असली तरच टणक लाकूड पचतं. नदीकाठी बसून, पातं दगडावर आडवं धरून, मी ते पोटच घासून टाकलं. दर हाताला त्याचं नाव घेत होते. न्यांदांगने मनगटावरचे केस भादरून पाहिले आणि खूश होऊन गेला. मूर्ख मेला!

पहिल्या घावाला सगळं घर त्याच शेताच्या उतारावर, पुन्हा वाढलेल्या रानात जमलं. बढाई मारायला त्याने नेमकं बेलियानचं झाड निवडलं, लोखंडासारखं कठीण. घाव पडला आणि पात्याचा बोटभर तुकडा खणकन उडाला.

लांबघराचा मुखिया पांढरा पडला. "जमीन तुला नको म्हणते. आता ह्या जमिनीला हात लावायचा नाही. ज्याने हे रान पहिल्यांदा तोडलं, त्याच्या घरी परत."

न्यांदांगने माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

"काय झालं, भावोजी? धार तुम्हीच लावली होती ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"मीच," तो पुटपुटला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नवऱ्याचा पारांग मी सणाला माझ्या दगडावर घासून ठेवला होता. तो काढला आणि त्याच झाडाची फांदी खाली पाडली.

"भावोजी," मी म्हटलं, "तेवढी माझ्या शेतातून बाजूला करा."