इनव्हरडोरीचा वारा पडला

माणसाचं चारित्र्य समुद्रावरच्या वाऱ्यातच घडतं, अशी इनव्हरडोरी गोल्फ क्लबची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. घडलेलं चारित्र्य अजून कुणी पाहिलेलं नाही. उडालेल्या टोप्या मात्र सगळ्यांनी पाहिल्यात.

त्या मंगळवारी क्लबचा कॅप्टन वॉटी गोर्ली याला वारा हवाच होता. एडिंबराहून प्रिंगल नावाचे लेखक मैदान पाहायला येणार होते. ज्या डोरी खाडीच्या काठी जुन्या राजांनी लढाया टाकून चेंडू मारले, तिथल्या बारा सर्वोत्तम मैदानांवर ते पुस्तक लिहीत होते, तेही नंबर लावून. पहिल्या नंबराची आशा धरण्याइतका वॉटी भाबडा नव्हता. शेजारच्या कर्कम्यूरच्या वर नाव लागलं की त्याला स्वर्ग दोन बोटं उरणार होता. कर्कम्यूरचा कॅप्टन टॅम हा त्याचा सख्खा मेव्हणा.

सकाळी त्याने खिडकी उघडली. पडदा हलला नाही. खाडी तव्यासारखी सपाट, आणि आकाश निर्लज्जासारखं निळं.

“नेटा! मेलो गं!”

“मरायच्या आधी तेवढी पेज ढवळ,” बायको म्हणाली.

“वारा पडलाय!”

“बरं झालं. चादरी धुवून टाकते.”

“चादरी कसल्या धुतेस! असल्या हवेत आमच्या मैदानावर कुणीही खेळेल. तुझ्या भावाचं फावलं.”

“टॅमला मध्ये आणू नकोस. त्यानं काय वारा चोरला?”

“त्याचा भरवसा नाही.”

प्रिंगलसाहेब गाडीतून उतरले तेच हसत. “काय सुरेख दिवस आहे हो!”

वॉटीने मान खाली घातली. “माफ करा, साहेब. आमच्याकडे असं कधी होत नाही. गेल्याच आठवड्यात आमचा सेक्रेटरी छत्री उघडायला गेला...”

“आणि छत्री उडाली?”

“छत्री कुंपणात अडकली. सेक्रेटरी पुढे गेला.”

दोघे खेळू लागले. तिसऱ्या होलवर गावची रीत अशी, की निशाणाकडे बघायचंसुद्धा नाही. चेंडू सरळ समुद्रावर मारायचा. वारा तो झेलून आणतो आणि भोकापाशी ठेवतो. वॉटीच्या आजोबांनी असाच मारला, वडिलांनी असाच मारला. वॉटीने चिमूटभर गवत हवेत उडवून पाहिलं. गवत त्याच्याच बुटांवर पडलं. तरी हात ऐकेना. त्याने समुद्रावरच मारला.

डुबुक.

“तिकडे का मारलात?” प्रिंगलसाहेबांनी विचारलं.

“पद्धत आहे.”

साहेबांनी आपला निशाणाकडे मारला आणि तो भोकाशेजारी जाऊन बसला. वॉटीने दुसरा चेंडू काढला. डुबुक. तिसरा. डुबुक. चौथ्याला एका सीलने पाण्यातून डोकं वर काढून पाहिलं.

“अहो, आता तरी निशाणाकडे मारा!”

“साहेब, निशाणाकडे नवखे मारतात,” वॉटी म्हणाला आणि त्याने पाचवा काढला.

प्रिंगलसाहेब जन्मात खेळले नव्हते इतकं चांगलं खेळले. मग क्लबात मटण भरलेले दोन पॅटिस खाऊन शीळ घालत गेले. वॉटी घरी येऊन आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब कर्कम्यूरला जायचे होते. उजाडतानाच वारा सुटला. नेटाच्या चादरी पाद्रीबुवांच्या अंगणात गेल्या. दुपारी टॅमचा फोन.

“दाजी, ऐकताय ना? थांबा, फोन खिडकीबाहेर धरतो!”

वॉटीने निमूट घोंगावणं ऐकून घेतलं.

“पाहुण्यांची टोपी गेली, दाजी! सगळे चेंडू गेले! पाचव्या होलवर चक्क रांगत होते!”

“रांगत?” वॉटीने खुर्ची ओढली.

“चारी पायांवर! याला म्हणतात मैदान. तुमच्याकडे काय, फुलपाखरं होती म्हणे?”

त्या दिवशी वॉटीला सूपसुद्धा गेलं नाही.

वसंतात पुस्तक आलं. वॉटीने डोळे मिटून घेतले आणि नेटाला वाचायला लावलं. कर्कम्यूर बारावं. इनव्हरडोरी अकरावं. शेरा असा, की या मैदानावर माणसाला उभं राहता येतं.

क्लबात बॅगपाइप वाजले. व्हिस्की वाहिली. फाटकावर सोनेरी अक्षरांत पाटी लागली. टॅम महिनाभर बहिणीकडे फिरकला नाही, आणि वॉटी चर्चला जातानासुद्धा पुस्तक काखेत मारून जाऊ लागला.

डोरी खाडीच्या काठी गोल्फची मैदानं एकूण बाराच आहेत.