तिघींचा रेणू

सकाळी साडेदहाला क्ष-किरणांचा झोत आमच्यावर पडला आणि माझ्या दोन्ही मुली माझ्यापासून दूर निघाल्या. त्या अजून निघतच आहेत. काचेपलीकडचे डॉ. गुंजीकर म्हणतात, हे सगळं सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागात उरकतं. तेवढ्यात मला दोनदा भूक लागून गेली.

पाण्याच्या रेणूत मधे एक ऑक्सिजन असतो आणि दोन अंगांना दोन हायड्रोजन. हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. प्रयोगशाळेला फोटोसाठी तसंच कुटुंब हवं होतं, आणि आम्ही घरी जेवायलासुद्धा तशाच बसतो, म्हणून मी अर्ज भरला. फोटो काढायचाय म्हणून मी दोघींना ठेवणीतले कपडे घातले. थोरली शाल्मली म्हणाली, अर्जाची मागची बाजू वाच. मी म्हटलं, अर्जाची मागची बाजू कोरीच असते.

कोरी नव्हती. नमुना एकदाच वापरला जाईल, असं तिथे लिहिलं होतं.

झोताने आम्हा तिघींतून काहीतरी काढून नेलं. काय, ते सांगता येणार नाही. पण तिघींत उणीव सारखीच आहे, आणि सारखी उणीव असलेली माणसं एकमेकांना ढकलतात. मी धाकट्या ओवीकडे धावले तर ती पाय न हलवता दुप्पट वेगाने मागे सरकली. तिच्यासाठी खोलीही लांबली. शाल्मलीकडे वळले, तिचंही तेच.

डॉ. गुंजीकरांनी काचेला एक चित्र टेकवून दाखवलं. चित्रात आम्ही अगदी खेटून बसलो होतो, ओवीचा गुडघा माझ्या मांडीवर. मुली दूरच्या भिंतींवर जिथे आदळणार त्या जागांवरून उलटं गणित मांडून त्यांनी ते काढलं होतं.

"बघा ताई, किती जवळ होतात."

भिंतीवर आदळल्यावर मुली परत कशा मिळतात, ते मी विचारलं.

"ठिपका मिळतो," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "तुम्ही धावू नका. तुम्ही धावता म्हणून त्या लवकर पोचतायत."

मी धावायचं थांबले. त्यांच्या मागे बाकावर पुढची आई येऊन बसली होती, दोन बाजूंना दोन मुली घेऊन. एकीच्या केसांना नवी रिबीन होती. मी त्या आईला ओरडून सांगितलं की मागची बाजू वाचा. बाहेरचा आवाज आत येतो, आतला फक्त डॉक्टरांच्या कानातल्या यंत्रात जातो. तिने हसून हात हलवला आणि मुलींनाही हलवायला लावला.

आता खोली लांबायची थांबली आहे. डावीकडे ओवी भिंतीपासून हातभर आहे, उजवीकडे शाल्मली तिच्या भिंतीपासून तेवढीच.

"आई, हात दे ना," ओवी म्हणाली.

तिने हात मागितला आणि मी दिला नाही, असं बारा वर्षांत झालेलं नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले, बोटांत बोटं अडकवली आणि तिच्यापासून एक पाऊल लांब टाकलं. ओवी थांबली. डोळे भरून आलेले, पण थांबली.

"आई," मागून शाल्मली हळूच म्हणाली, "तू माझ्याकडे सरकतेयस."

दुसऱ्या पावलासाठी उचललेला पाय मी तसाच अधांतरी धरला.