होडीत बसलेली माणसं

ग्रंथपालबाई नणंदेला सोबत घेऊन अनुदान समितीपुढे बसल्या होत्या. वाचनालयात दर महिन्याला एका पुस्तकावर सगळ्यांनी मिळून गप्पा माराव्यात, एवढ्यासाठीच त्यांचा अर्ज होता.

"यातून निष्पन्न काय होणार?" अध्यक्षांनी विचारलं.

पाठ केलेलं उत्तर ऐनवेळी बाईंच्या डोक्यातून उडालं. खिडकीतल्या उन्हात धुळीचे कण संथ तरंगत होते. त्यांच्याकडे बघत त्या बोलू लागल्या, "मागे आम्ही समुद्रातल्या एका होडीवरची कादंबरी वाचून तिच्यावर गप्पा मारल्या. आमचे शिंपीकाका बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हते. त्या दुपारी ते एकदम म्हणाले, 'या होडीत मीही बसलोय.' मग एकेक जण होडीत चढत गेला. खोलीच डुलतेय असं वाटलं बघा."

नणंदेनं कपाळाला हात लावला. "वहिनी, आकडे सांगा ना!"

अध्यक्षांनी मात्र चष्मा काढून ठेवला. "मग होडी कुठं गेली?"

"काय ठाऊक! दिवेलागण झाली तरी कुणी उठेना."

अनुदान मंजूर झालं. त्यानंतरच्या पहिल्या चर्चेला अध्यक्ष मागच्या खुर्चीवर येऊन बसले. जाताना पुढच्या महिन्याचं पुस्तक मागून घेऊन गेले.